राजदूत ३५० चा ऑइल पंप: काढून टाकण्याआधी तपासा

जुनी राजदूत ३५० नव्यानं घेतलेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: पंप काढून टाक, पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळ, डोक्याला ताप नको. सल्ला देणाऱ्यांनी सीज झालेली, म्हणजे तेलाअभावी पिस्टन अडकून बसलेली इंजिनं पाहिलेली असतात, त्यामुळे त्यांची भीती खोटी नाही. पण दोष बहुतेक वेळा पंपाचा नसतो. कडक झालेला पाइप, लाइनमध्ये अडकलेली हवा, ताणलेली केबल, टाकीच्या झाकणाचं बुजलेलं भोक, या सगळ्यांची शिक्षा पंपाला होते. तपासायला एक निवांत दिवस पुरतो आणि लागणारी हत्यारं महाग नाहीत. पंप काढायचाच असेल तर तो निर्णय तपासणीनंतर घ्या.

वेगळ्या टाकीतलं तेल पंपानं इंजिनाला देण्याची ही पद्धत, ऑटोल्यूब, यामाहानं १९६४ मध्ये वायए-६ या गाडीवर आणली. एस्कॉर्ट्स कंपनीनं १९८३ पासून आपल्याकडे बनवलेली राजदूत ३५० म्हणजे यामाहाचीच आरडी ३५०: ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर, आणि इंजिनाच्या उजव्या केसिंगवर पुढच्या बाजूला हा पंप. खाली दिलेले आकडे आणि खुणा याच पंपाच्या आहेत. तुमची गाडी दुसरी असेल तर तपासणीचा क्रम हाच ठेवा, आकडे मात्र तिच्या मॅन्युअलमधून घ्या.

पंपाचं काम नेमकं काय

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचे बेअरिंग, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन यांना तेल मिळतं ते फक्त पेट्रोल-हवेच्या सोबत आत जाणारं. पंप सीटखालच्या टाकीतून तेल घेतो आणि दोन बारीक पाइपांनी दोन कार्ब्युरेटरपाशी पोचवतो. किती तेल जाणार हे दोन गोष्टींवर ठरतं. एक, इंजिनाचा वेग, कारण पंप इंजिनाच्या गिअरवरच फिरतो. दुसरी, तुमचा उजवा हात. ग्रिपपासून निघालेली एक केबल पुढे तीन होते: दोन जातात कार्ब्युरेटरना, तिसरी पंपाच्या पुलीला. थ्रॉटल उघडला की पुली फिरते आणि आतल्या प्लंजरची, म्हणजे तेल ढकलणाऱ्या दांडीची ये-जा लांबते. या ये-जा करण्याच्या अंतरालाच स्ट्रोक म्हणतात.

आता खंबाटकी किंवा वरंधा घाट उतरतानाचा विचार करा. थ्रॉटल बंद, गाडी गिअरमध्ये, इंजिन जोरात फिरतंय. तेल पेट्रोलमध्ये मिसळलेलं असेल तर बंद थ्रॉटलमधून पेट्रोल जेमतेम जातं आणि तेलही तेवढंच जेमतेम. जुने जाणकार उतारावर मधून मधून थ्रॉटल झटकतात ते याचसाठी. पंप असलेल्या गाडीत थ्रॉटल बंद असला तरी इंजिन जितकं जोरात फिरेल तितक्या वेळा प्लंजर पुढे-मागे होतो आणि प्रत्येक वेळी ठरलेलं किमान तेल ढकलतो. हे ‘किमान’ बरोबर आहे ना, हे मोजणं हाच या तपासणीचा गाभा आहे. त्याच्याकडे आपण येऊच, पण त्याआधीची कामं झाल्याशिवाय ते मोजून उपयोग नाही.

सगळ्यात आधी: पेट्रोलमध्ये तेल

पंपावर विश्वास बसेपर्यंत इंजिन मिश्रणावरच चालवायचं. लिटरमागे साधारण ३० मिली टू-टी ऑइल पेट्रोलमध्ये मिसळा. पंपही चालू असेल तर धूर जास्त होईल, प्लग ओले होतील, होऊ द्या. जादा प्लगची एक जोडी खिशात ठेवली की भागतं. बोअर-पिस्टनचं काम काढण्यापेक्षा ते कधीही परवडलं.

तेल जासो या जपानी मानकाच्या एफसी किंवा एफडी दर्जाचं, इंजेक्शनला चालणारं घ्या. डब्यावर तसं लिहिलेलं असतं. कारचं किंवा फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑइल पंपाच्या ऑइल टाकीत कधीच नको. रेसिंगसाठीचं एरंडेलयुक्त तेलही पंपाच्या गाडीत घालू नका, कारण ते साध्या टू-टीमध्ये मिसळलं की चिकट गाळ धरू शकतं.

सामान एवढं जमवा: फीलर गेज (बारीक फट मोजायची ठरावीक जाडीची पाती), नवा पारदर्शक ऑइल पाइप आणि त्याच्या क्लिपा, औषधाच्या दुकानातल्या दोन छोट्या सिरिंज, फायबरचे नवे वॉशर, हातातली बॅटरी (टॉर्च), स्वच्छ सुती फडकं. आणि जपानी खाचेला बसणारा स्क्रू ड्रायव्हर. या केसिंगच्या स्क्रूची खाच साध्या फिलिप्स ड्रायव्हरला नीट बसत नाही; जोर लावला की डोकं गुळगुळीत होतं आणि मग ड्रिल लावायची वेळ येते. वर्षानुवर्षं न उघडलेले स्क्रू असतील तर हातोडीनं मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा.

टाकी आणि येणारा पाइप

ऑइल टाकीचं झाकण उघडा आणि आत बॅटरी मारा. तळाशी गाळ किंवा पाण्याचा थर दिसला तर टाकी काढून रॉकेलनं किंवा डिझेलनं धुवा आणि पूर्ण वाळवा. झाकणाचं हवेचं भोक बघा. ते बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि तेल खाली येणं हळूहळू थांबतं. चकवणारी गोष्ट अशी की तुम्ही तेल बघायला झाकण उघडता तेव्हा हवा आत शिरते आणि सगळं पुन्हा सुरळीत वाटतं.

मग टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप. मूळचा पाइप पिवळा, कडक झालेला असेल तर तपासत बसू नका, सरळ बदला. जुना पाइप टोकाशी बारीक चिरतो. बाहेर तेल गळताना दिसेलच असं नाही, पण आत हवा शिरते. नवा पाइप पारदर्शकच घ्या. दुकानात मिळणाऱ्या पेट्रोलच्या पाइपांतले काही तेलानं फुगतात किंवा वर्षभरात कडक होतात, तेव्हा तेलाला चालणारा आहे याची खात्री करून घ्या. पंपाच्या बाजूनं पाइप सोडला की तेल आपल्या वजनानं संथ पण अखंड वाहायला हवं. थेंब थेंब पडत असेल तर अडथळा टाकीच्या तोंडाशी किंवा जाळीत आहे.

झाकण काढा, पंप बघा

उजव्या केसिंगवरचं पंपाचं छोटं झाकण काढा. आतला जुना मातकट थर ब्रश आणि फडक्यानं काढा. हवेच्या दाबानं उडवू नका, धूळ सीलच्या कडेत बसते. स्वच्छ झाल्यावर बाहेरून ओलं कुठं होतंय ते दिसेल. पुलीच्या मुळाशी तेल झिरपत असेल तर पंपाचं सील गेलंय. पाइप पंपाला जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टच्या खाली ओल असेल तर वॉशर गेलाय.

न दिसणारी गळती जास्त त्रासाची. पंपाच्या ड्राइव्हकडच्या शाफ्टचं सील खराब झालं की टू-टी ऑइल केसिंगच्या आत, गिअर ऑइलमध्ये उतरतं. गाडी नुसती उभी असताना टाकीतली पातळी कमी होते, जमिनीवर मात्र एक थेंब नसतो. अशा वेळी गिअर ऑइलची पातळी तपासा: ती वाढलेली आणि तेलाला टू-टीचा रंग आलेला सापडेल. याच्या उलट, गिअर ऑइल कमी होतंय आणि उजव्या सायलेन्सरमधूनच दाट धूर येतोय, तर तो दोष पंपाचा नाही, क्रँकच्या उजव्या सीलचा आहे. या दोन्हींची गल्लत करून चांगले पंप काढून फेकले जातात.

आता इंजिन चालू करा आणि आयडलला, म्हणजे ग्रिप न फिरवता, पंपाकडे बघा. प्लंजरच्या टोकाची गोल पट्टी संथपणे बाहेर-आत होताना दिसली पाहिजे. ती हलतच नसेल तर पंप फिरवणारा ड्राइव्ह तुटला आहे. पुढचं सगळं सोडून आधी तेच काम.

हवा काढणं

पाइप बदलला, टाकी रिकामी झाली, पंप सुटा केला, यातलं काहीही झालं तरी हवा काढावी लागते. टाकीत तेल भरा. पंपावरचा ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, काढा, खाली फडकं धरा. तेल येऊ लागेल, सोबत बुडबुडे. पंपाच्या टोकाला पांढरी, कडेला खाचा असलेली स्टार्टर प्लेट आहे, तिच्यावर बाण आहे. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून ही प्लेट बाणाच्या दिशेनं बोटानं फिरवत राहा. कंटाळवाणं काम आहे आणि घाई चालत नाही. बुडबुडे पूर्ण थांबल्यावर स्क्रू नव्या वॉशरसह बसवा. स्क्रू बारीक आणि पंपाची बॉडी मऊ धातूची, त्यामुळे बेतानंच आवळा.

आता राहिली पुढच्या दोन पाइपांतली हवा. गाडी उघड्यावर उभी करा, मिश्रणावर चालू करा, वेग दोन हजार आरपीएमच्या आसपास ठेवा आणि पंपाची केबल हातानं ओढून पुली पूर्ण उघडी धरा. पंप पूर्ण स्ट्रोकनं तेल ढकलू लागेल, धुराचा लोट उठेल, आणि पारदर्शक पाइपातले बुडबुडे सरकत सरकत कार्ब्युरेटरकडे जाऊन नाहीसे होतील.

इथं एक सोपी आणि फार उपयोगी तपासणी होते. प्रत्येक पाइपात एकेक छोटा बुडबुडा राहिला असतानाच केबल सोडा आणि आयडलला त्या बुडबुड्यांकडे बघत बसा. सलाइनच्या नळीतल्या बुडबुड्यासारखा तो लहान लहान टप्प्यांनी पुढे जायला हवा. दोन्ही पाइपांत चाल साधारण सारखी हवी. एक पुढे जातोय आणि दुसरा जागच्या जागी पुढे-मागे डुलतोय, तर त्या बाजूचा एकमार्गी व्हॉल्व्ह, म्हणजे स्प्रिंग आणि बारीक गोळी, नीट बसत नाही. कचरा अडकलेला असतो, बरेचदा कुणीतरी लावलेल्या सिलिकॉन सीलंटचा तुकडा. पंपाच्या जवळपास सीलंट लावूच नये ते यामुळेच. हाच व्हॉल्व्ह ढिला असला की उभ्या गाडीत तेल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं आणि आठवड्यानं किक मारल्यावर गल्लीभर धूर होतो.

डोळ्यांवर भरवसा नसेल तर सिरिंज वापरा. दोन्ही पाइप कार्ब्युरेटरकडून सोडून एकेका उभ्या सिरिंजमध्ये सोडा. कार्ब्युरेटरच्या उघड्या पडलेल्या निपलवर रबरी टोपणं लावायला विसरू नका, नाहीतर तिथून जादा हवा ओढली जाऊन इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोलचं प्रमाण कमी पडेल. इंजिन मिश्रणावर एकाच वेगानं चालवा, पुली उघडी धरा, आणि काही मिनिटांनी दोन्ही सिरिंजमधलं तेल शेजारी धरून बघा. एका पंपातून एकाच प्लंजरनं आलेलं तेल आहे. दोन्हीकडे बरोबरीनं असायला हवं.

केबलची जुळणी

या पायरीकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. पंपाची केबल ढिली असली की थ्रॉटल अर्धा उघडला तरी पंपाला ते कळत नाही. तुटली असेल तर पंप कायम किमान स्ट्रोकवर राहतो. गावात, हळू चालवताना काहीच जाणवत नाही. हायवेवर थोडा वेळ जोरात नेली की पिस्टन धरतो, आणि नाव खराब होतं पंपाचं.

आधी कार्ब्युरेटरच्या दोन केबल जुळवा, दोन्ही स्लाइड, म्हणजे थ्रॉटलबरोबर वर उचलल्या जाणाऱ्या आतल्या झडपा, एकाच वेळी उचलल्या गेल्या पाहिजेत. हे झाल्याशिवाय पंपाच्या केबलला हात लावू नका, कारण तिची जुळणी स्लाइडच्या स्थितीवरूनच करायची आहे. एअर फिल्टरकडचे रबर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडातून आत बघा. मूळच्या स्लाइडवर एक बारीक गोल टिंब असतं. ग्रिप हळूहळू फिरवत ते टिंब बोअरच्या वरच्या कडेशी आणा आणि ग्रिप तिथंच धरून ठेवा. दुसरा माणूस सोबत असला तर बरं. याच स्थितीत पंपाच्या पुलीवरची खूण प्लंजरच्या गाइड पिनसमोर यायला हवी. नसेल तर पंपाच्या केबलचा अ‍ॅडजस्टर फिरवून आणा आणि लॉक नट आवळा.

मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवा. पुली किंचितही हलली तर केबल पेट्रोलच्या टाकीखाली चुकीच्या वाटेनं गेली आहे. ग्रिप सोडल्यावर पुली झटकन मागे आली पाहिजे. रेंगाळत असेल तर केबल बदला. दोन पैसे वाचवायला सायकलच्या तारेतून बनवून घेऊ नका.

किमान स्ट्रोक मोजणं

इंजिन आयडलला चालू, थ्रॉटल पूर्ण बंद. प्लंजरच्या टोकाच्या पट्टीवर नजर ठेवा. ती सर्वांत बाहेर आली की त्याच क्षणी इंजिन बंद करा. पहिल्या झटक्यात जमत नाही. बंद इंजिनावर स्टार्टर प्लेट बोटानं फिरवूनही पट्टी तिथं आणता येते. आता पट्टी आणि पुलीचा उंचवटा यांच्यामध्ये फीलर गेजचं पातं घाला. अंतर ०.२० ते ०.२५ मिमी असायला हवं. ०.२० चं पातं हलक्या घासणीनं आत जावं, ०.३० चं जाऊ नये. पातं तिरपं धरलं किंवा पट्टीला बाहेर रेटलं की आकडा खोटा येतो. पंप पुन्हा फिरवून, पट्टी नव्यानं बाहेर आणून परत मोजा. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं तरच ते धरा.

अंतर कमी असेल तर किमान तेल कमी जातंय. पट्टीचा लॉक नट काढा, स्प्रिंग वॉशर आणि पट्टी उतरवा. मागे कागदासारख्या पातळ चकत्या, म्हणजे शिम दिसतील. एक शिम वाढवली की अंतर वाढतं, काढली की कमी होतं. सुटे भाग ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं कापडावर मांडा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. शिम हातातून निसटली तर अंगणाच्या मातीत सापडणं कठीण, म्हणून हे काम गाडीखाली पांढरी चादर पसरूनच करा. जुळवल्यावर पुन्हा मोजायचं.

धूर कमी व्हावा म्हणून काही जण अंतर ०.१० वर आणतात. माझ्या मते हा या गाडीवरचा सर्वांत वाईट प्रयोग आहे. आयडलला धूर घटतो हे खरं, पण मघाशी सांगितलेल्या उतारावर पिस्टनला मिळणारं तेल तिथंच कापलं जातं. धूर जास्त वाटतोय तर तेलाचा दर्जा, कार्ब्युरेटरचं जेटिंग (पेट्रोल सोडणाऱ्या भोकांची मापं) आणि सायलेन्सरचे बॅफल (आतल्या जाळीदार नळ्या) बघा.

दुसरा पंप घ्यायचा झाला तर

सील गेलं असेल तर पंप टाकून द्यायची गरज नाही. सीलचा संच मिळतो आणि स्वच्छ टेबलावर, मॅन्युअल समोर ठेवून बसवता येतो. बॉडी किंवा प्लंजरवर ओरखडे असतील तर मात्र दुरुस्ती नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर वापरलेला पंप शोधताना तो दोन आउटलेटचा, याच इंजिनाचा आहे का ते बघा. एक सिलिंडरच्या यामाहाचा पंप दिसायला भावंडासारखा असतो, पण इथं कामाचा नाही. सोबत तेलाची छोटी बाटली आणि पाइपाचा तुकडा न्या. पंपाच्या तोंडाला तेल लावून स्टार्टर प्लेट फिरवली की दोन्ही आउटलेटमधून आळीपाळीनं थेंब यायला हवेत.

सगळे उपाय करूनही पंप काढावाच लागला तर केसिंगवरचं त्याचं भोक गॅस्केटसह पट्टी लावून बंद करा, नाहीतर गिअर ऑइल बाहेर येईल. कार्ब्युरेटरचे दोन्ही निपल पक्के बुजवा. आणि गाडीवर, पेट्रोलच्या टाकीच्या झाकणापाशी, ‘तेल मिसळूनच’ अशी ठळक चिठ्ठी लावा. पेट्रोल भरणारे दर वेळी तुम्हीच असाल असं नाही.

मिश्रण कधी सोडायचं

तपासणी झाली की ऑइल टाकी ठरावीक खुणेपर्यंत भरा, बाहेरून चिकटपट्टी लावा आणि किलोमीटर लिहून ठेवा. पेट्रोलच्या टाकीतलं पहिलं मिश्रण संपेपर्यंत जवळपासच, मध्यम वेगानं चालवा. संपत आली की सिरिंजनं मोजून पुन्हा त्याच खुणेपर्यंत तेल भरा. किती मिली लागलं तेही लिहा. पातळी उतरली नसेल तर पंप तेल घेत नाहीये. मिश्रण सोडू नका, हवेच्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करा.

उतरली असेल तर पुढच्या टाकीत मिश्रण लिटरमागे १५ मिलीवर आणा आणि दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवा. दोन्ही सारखे तपकिरी असतील तर त्याच्या पुढच्या वेळी साधं पेट्रोल भरा. एक काळसर ओला आणि दुसरा पांढुरका कोरडा असेल तर कोरड्या बाजूचा ऑइल पाइप आणि त्याच बाजूच्या कार्ब्युरेटरचे रबर, दोन्ही पुन्हा बघा. कमी तेल आणि हवेची गळती यांतलं काय आहे ते सिरिंजची चाचणी लगेच सांगेल. साध्या पेट्रोलवरच्या पहिल्या फेरीत दोन बोटं क्लचवर ठेवा. इंजिनाचा आवाज बसल्यासारखा झाला किंवा गाडी मागून कुणी ओढतंय असं वाटलं की त्याच क्षणी क्लच दाबा, थ्रॉटल सोडा आणि बाजूला घ्या. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत किक मारू नका.